काळुरामची सुमो, गुणाजीची पजेरो

“आज मानपाड्याच्या मातीत गुणाजीचं रक्त सांडणार,” काळुरामने ओट्यावर उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं जाहीर केलं.

“जेवून जाणार का येऊन जेवणार?” आतून आवडाबाईने विचारलं. सुकटीचं कालवण चुलीवर होतं.

काळुराम जेवून निघाला.

रघु त्याचा मेव्हणा, आणि सुमोचा ड्रायव्हरही तोच. आवडाबाईने भावाला मागच्या दारी गाठलं. गाडी फोडा, हातपाय मोडा, तिची ना नव्हती. पण माणूस मेला तर नवरा जाईल आत, आणि ती पोरंबाळं घेऊन येईल रघूच्या दारात, एवढंच तिचं म्हणणं. रघूचं घर आधीच भरलेलं होतं.

भांडण गाडीचं होतं. काळुरामने सुमो आणली तेव्हा भावकीतली ती पहिली मोठी गाडी. हळद असो, बाळंतीण असो, नाहीतर चैत्रात कार्ल्याला एकवीरा आईची यात्रा असो, सुमोशिवाय पान हलत नसे. आईच्या यात्रेला गाडी मागितली की नाही म्हणायचं नाही, हा भावकीचा कायदा. गाडी मोडून पडली असेल तरच सुटका. काळुराम माणसं कोंबकोंबून नेई आणि पुढे महिनाभर मिशीला पीळ देत फिरे.

मग माजिवड्याला राहायला गेलेल्या चुलतभावाने, गुणाजीने, जपानी पजेरो आणली. गेल्या लग्नसराईत एका नवरदेवाने फुलांनी मढवलेल्या सुमोच्या पायरीवर पाय ठेवला, पजेरोकडे बघितलं आणि पाय काढून घेतला. त्या दिवसापासून काळुराम गुणाजीचं नाव घेतलं की आधी थुंकत असे.

सुमोच्या मागच्या आडव्या बाकड्यांवर काळुरामने मारामारीला जमवलेला भिवाजी आणि त्याचे साथीदार समोरासमोर बसले होते. गुडघ्याला गुडघा, मध्ये पहारी, तलवार आणि हॉकी.

“पजेरोत तिसरी रांगपण तोंड पुढं करून बसते,” भिवाजी गुडघा चोळत म्हणाला. “मागंपर्यंत एसी.”

मग गादीच्या मखमलीचा विषय निघाला. खड्ड्यातून गेली तरी पोटातलं पाणी हलत नाही, असं एकाने शपथेवर सांगितलं. खून करायला निघालेली माणसं इतकी हळवी झालेली रघूने पहिल्यांदाच पाहिली.

“तिसऱ्या रांगेतनं उतरायचं तर आधी मधली शीट वाकवा,” काळुराम पुढून गुरगुरला. “तवर समोरचा पनवेल गाठील. हिचं मागचं दार उघडलं की एका दमात सगळे खाली. मारामारीला सुमोच.”

हे सगळ्यांना पटलं. मग काळुरामने बजावलं, पजेरोच्या बोनेटला कोणी हात लावायचा नाही. मशीन जपानी आहे, तिचं आपल्याशी वैर नाही. आणि गुणाजीचं डोकं माझं.

कंपन्यांच्या मागे खाडीकडे जाणारा कच्चा रस्ता होता. नाकात औषधाचा वास घुसत होता. गुणाजी दुपारी इथूनच येणार आणि एकटाच येणार, हे काळुरामला ठाऊक होतं. दुश्मनाची खबर ठेवावी लागते, म्हणाला.

एरवी म्हशीलाही हॉर्न मारून धावायला लावणारा गुणाजी त्या दिवशी सावकाश आला. रघूने सुमो आडवी घातली. पजेरो कडेला घेऊन गुणाजी मुकाट थांबला. हबकला असणार, असं रघूला वाटलं.

भिवाजीची पहार समोरच्या काचेवर बसली. काचेचं जाळं झालं. दुसऱ्या घावाला ती आत कोसळली. दारं चेपली, दिवे फुटले. तलवारीने पुढची मखमल फाडली, मग मधली. कापूस रस्ताभर उडाला. काळुरामने गुणाजीला आधीच कॉलर धरून बाहेर ओढला होता. बोटाएवढी जाड साखळी नेहमी घालणारा तो गळा त्या दिवशी उघडा होता. डॅशबोर्डवरची आईची तसबीरही जागेवर नव्हती. देवीनेही साथ सोडली, रघूच्या मनात आलं.

पहिली हॉकी दंडावर बसली, दुसरी बरगडीत. गुणाजी गुडघ्यावर आला.

“नवरदेव पळवतोस?” काळुराम ओरडला आणि तिसरी त्याने नाकावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. अंगातला पांढरा सफारी लाल झाला.

“नाक नाय रं,” गुणाजी कण्हला. सगळ्या मारात तो बोलला ते एवढंच.

काळुरामचे डोळे तांबारले होते. त्याने भिवाजीच्या हातून पहार हिसकावली आणि गुणाजीच्या डोक्यावर उचलली. तेव्हा रघु धावला आणि त्या हाताला लोंबकळला. कोपर तोंडावर बसलं, दात हलला, तरी त्याने हात सोडला नाही.

“दाजी, बास. ताईनं सांगितलंय, माणूस मारायचा नाय.”

पहार खाली आली. काळुराम धापा टाकत सुमोला टेकला.

मोडक्या दाराला धरून गुणाजी उठला. तोंडावरचं रक्त पुसत त्याने गाडीच्या आत पाहिलं. आधी पुढे, मग मध्ये, मग वाकून पार मागे. एक लाल थुंकी टाकली आणि हळूच हाक मारली.

“काळूदादा, ठरलं त्यापरमानं सगळं झालं, पन मागची शीट तशीच ऱ्हायली बघ. तेवढी उपट ना रं. चैत्रात सासुरवाडीची सगळी कार्ल्याला निघालीत, एक रांग धड दिसली तरी चढून बसतील.”