पत्रकातला मुलगा

"ही ओळ चुकीची आहे," प्रूफ तपासणारा म्हणाला आणि त्याने लाल पेनाने ओळीखाली रेघ ओढली.

समोर बसलेल्या बाई दचकल्या. सेरेब्रल पाल्सीवरच्या संशोधनासाठी निधी गोळा करणाऱ्या संस्थेत त्या कामाला होत्या. दरवर्षी मोहीम सुरू व्हायच्या आधी आवाहनपत्रकाचं प्रूफ घ्यायला त्या छापखान्यात यायच्या, आणि दरवर्षी हा माणूस एखादा ऱ्हस्व-दीर्घ सुधारून ते त्यांच्या हातात ठेवायचा. छापखान्यात सगळे त्याला 'कानामात्रा' म्हणत. तो बोलताना अडखळायचा, उजवा हात छातीशी आखडलेला असायचा, खुर्चीला दोन कुबड्या टेकवलेल्या असायच्या. "तुमच्यासारख्यांसाठीच चाललंय हो हे सगळं," असं बाई दरवर्षी न चुकता म्हणायच्या. तोही न चुकता मान डोलवायचा.

पत्रकातला मुलगा म्हणजे तोच होता, हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्याने कधी सांगितलं नव्हतं. सांगून करणार काय?

काळा पडदा, स्टूल आणि स्टुलावर चार वर्षांचा मुलगा. वर ठसठशीत अक्षरांत 'हा एकटा आहे.' चाळीस वर्षं तोच फोटो, तेच शब्द. मध्ये एकदा संस्थेने हसऱ्या मुलांचे रंगीत फोटो छापून पाहिले होते. त्या वर्षी लोकांनी हात आखडता घेतला. पुढच्या वर्षी हाच फोटो मुकाट्याने परत आला.

कानामात्राला तो तोंडपाठ होता. लहानपणी वसतिगृहाच्या जेवणघरात तो फोटो भिंतीवरच होता, आणि 'हा बघ तू' असं तिथले सगळे त्याला दाखवायचे. पाच वर्षांचा असताना त्याला तिथे कोणीतरी आणून सोडलं. रजिस्टरात पालकांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. बाकीच्या मुलांना भेटायला कोणी ना कोणी यायचं, तेव्हा हा जेवणघरात बसून त्या फोटोकडे बघायचा. आपलं कोणी नव्हतंच, याचा त्याच्याकडे तेवढा एकच पुरावा होता, आणि तो छापील होता. छापलेल्यावर त्याचा लहानपणापासून विश्वास. लग्नाच्या भानगडीत तो पडला नाही. खोलीवर कधी कुणाला चहालाही बोलावलं नाही. मला पहिल्यापासून एकटं राहायची सवय आहे, असं तो सांगायचा. सवय-बिवय काही नव्हती. रविवारी खोली त्याला खायला उठायची.

यंदा संस्थेच्या डॉक्टरांनी या मुलाची जुनी केसफाइल शोधून पत्रकात एक नवीन वाक्य घातलं होतं. 'फोटो काढला तेव्हा या मुलाला आधाराशिवाय क्षणभरही बसता येत नव्हतं.'

"चूक कसली त्यात?" बाई म्हणाल्या. "फाइलमध्ये तसंच आहे. मी स्वतः वाचलंय."

"मग हा बसलाय कसा?" त्याने फोटोवर बोट ठेवलं. "स्टुलाला मागे पाठ नाही, बाजूला हात नाहीत. खाली लिहायचं बसता येत नाही आणि वर बसलेला दाखवायचा. लोक हसतील."

बाईंनी कागद जवळ धरला, मग लांब धरला. "अगंबाई! इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

चुका काढताना कानामात्रा कधी घाबरला नव्हता. आज घाबरला. वाक्य खरं असेल, तर फोटोत आणखी कोणीतरी असायलाच हवं होतं. असेल एखादी नर्स, त्याने मनाला बजावलं. असेल फोटोग्राफरचा माणूस. उगाच आशेला लागायचं वय राहिलं नव्हतं.

"थांबा, फोटोग्राफरनाच विचारू," बाई म्हणाल्या. "ऐंशी पार केलीय, पण बोलायला लागले की ऐकत नाहीत कुणाचं." त्यांनी फोन लावून टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"पत्रकातला मुलगा ना? आठवतो की," म्हातारा म्हणाला. "बसता कुठे येत होतं त्याला? सारखा कलंडायचा. शेवटी पडद्याला दोन चिरा पाडल्या, त्यातून हात घालून मागून कमरेला धरला. तासभर गुडघ्यांवर होती बिचारी."

"कोण?" कानामात्राने विचारलं. एवढा एक शब्द, पण तो बाहेर पडायला फार वेळ लागला. "कोण होती?"

"कोण म्हणजे? आई त्याची! तिच्याशिवाय तासभर कोण धरून बसेल? वर्षभराने एक प्रिंट द्यायला घरी गेलो, तर शेजारी म्हणाले, वारली. आजारीच होती म्हणे. पोराला कुठल्याशा वसतिगृहात ठेवलं होतं."

कानामात्राच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायचं त्याला सुचलं नाही. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

"पण फोटोत हात तर कुठेच दिसत नाहीत," त्या हळूच म्हणाल्या.

"दिसत होते ना! चार इकडे, चार तिकडे, आठ बोटं चक्क आली होती. मी म्हटलं, राहू द्या, छान दिसताहेत. तर ती ऐकेचना. म्हणाली, 'खोडून टाका हो दादा. याला आई आहे असं दिसलं, तर याच्या औषधासाठी कोण पैसे देईल?'"