विळ्यासारखी पाती

“पोऱ्या, पंखानी पाती इळासारखी वाकडी ठेव, मंग वेल गुतत नही,” भाग्येश लहान असताना त्याचा नावाडी बाप सांगायचा. भाग्येशने ते मनावर घेतलं ते आत्ता. त्याच्या इंजिनाच्या नावेचा पंखा तापीतल्या पाणवेलीत रोज अडकायचा. तो वेल सोडवत बसायचा आणि पलीकडच्या अंगणवाडीत शिकवणाऱ्या रंजिताला उशीर व्हायचा.

आज नव्या पात्यांना वेली नुसत्या गुदगुल्या करून निसटल्या. नाव सरळ काठाला लागली.

“कशी पळनी?” त्याने ऐटीत विचारलं.

रंजिता उतरेचना. “पळनी ना! मंग आते वेल सोडता सोडता आपन गप्पा कव्हय मारान्या?”

भाग्येश डोकं खाजवत पंख्याकडे बघू लागला.

तीच हसून म्हणाली, “आते लगीनच करनं पडी, येडा!”