जाळीतला ठिपका

"भिकू, नजर अधू झालीय तुझी, बंदूक खाली ठेव," असं थोरल्या भावाने पत्रातून कळवलं होतं. भिकाजीने रागाने तीन वर्षं उत्तरच दिलं नव्हतं.

आज परवान्याने रानडुकराची पारध होती. त्याच भावाच्या मुलाने, दिगंबरने, सगळ्यांच्या मोबाइलवर नकाशा टाकला होता. त्यात प्रत्येकाच्या नावाचा ठिपका दिसायचा.

"काका, बार काढण्याआधी बघायचं हं!"

"डुकरालाही मोबाइल दिलास काय रे?"

करवंदीची जाळी हलली, काळं अंग दिसलं. चापावर बोट ठेवून भिकाजीने केवळ पुतण्याच्या समाधानासाठी नकाशा पाहिला. दिगंबरचा ठिपका जाळीतच होता. भिकाजीने चापावरचं बोट काढून नळी जमिनीकडे वळवली.

"काका, कुत्रं अडकलंय, जरा हात द्या!" आतून हाक आली.

दुसऱ्या दिवशी त्याने पत्र पेटीत टाकलं: "दादा, बंदूक जमा केली. का, ते येऊन सांगतो. दिगंबरला ठाऊक नाही."