सगळ्यांत हलकं बटण

योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मी गेमिंग कॉम्प्युटर जोडून विकतो. ग्यूजिन हा माझा जुना गिऱ्हाईक, त्याचा पहिला कॉम्प्युटर मीच जोडला होता. तेव्हा त्याचा स्नायूंचा आजार पायांपुरताच होता. आज तो आईबरोबर व्हीलचेअरवरून आला, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचे पंखे, सगळं झटपट निवडून मोकळा झाला. “योंगसानवाले तुम्ही, गिऱ्हाईक कापणारच,” असं त्यानं मला चिडवलंही. राहिला कीबोर्ड. कमीजास्त जोरानं दबणाऱ्या बटणांची नमुनापट्टी मी त्याच्या हाताखाली सरकवली. मागच्या वेळचं बटण त्याच्याकडून दबेना. त्याहून हलकंही दबेना. शेवटी सगळ्यांत हलक्यावर त्यानं बोट टेकवलं, ओठ आवळले, पण बटण हललं नाही. “याहून हलकं दाखवा ना,” त्याची आई म्हणाली. “याहून हलकं येत नाही, ताई.” “हेच द्या. त्याचं बोट धरून मी दाबीन.” ग्यूजिननं पट्टीवरून नजर काढली नाही. “मग खेळणार कोण, आई?”