तिसऱ्या मजल्यावरचा दर्या

१९९८ साली वागळे इस्टेटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, एक ग्लायडर बुडाला. पण तसं काही झालंच नाही, असं सगळ्यांनी ठरवलंय.

पाण्याखाली फिरायचं ते यंत्र टेबलावर कोरडं ठणठणीत होतं. समुद्र फक्त कॉम्प्युटरमध्ये. चालवायला शिकणारे गोमाजी कोळी म्हणाले, "नारल दिल्याबिगर दर्यान सोरू नको, पोरा."

"काका, दर्या मीच बनवलाय," म्हणत इंजिनिअर महिपतने बटण दाबलं. तळ त्याने दोनशे मीटरवर ठेवलेला. पण पडद्यावर खोलीचा आकडा तीनशे मीटर झाला, चारशे झाला. घाबरून त्याने प्लग उपटला. पडदा विझला, टेबलावरून मात्र खारं पाणी ठिबकायला लागलं, आणि बघता बघता ग्लायडर त्यात बुडाला.


महिपतने अर्ज लिहिला: "तिसऱ्या मजल्याकरिता एक होडी व एक नारळ तातडीने मंजूर व्हावा. कारण विचारू नये, ही नम्र विनंती."