झाकलेली बशी

शास्त्री नगरातल्या त्या प्रयोगशाळेत भर दुपारी मिट्ट काळोख करून गौतमी माकडाच्या डोळ्यातलं दृष्टिपटल ऐकत बसली होती. म्हातारं माकड सकाळीच गेलं होतं, पण बशीतल्या कोमट द्रावात त्या पटलाच्या पेशी अजून जिवंत होत्या. त्यातली एक रात्रीच्या नजरेची. अंधारात काही पुसटसं हललं, की तिला जोडलेल्या तारेतून ती स्पीकरवर टकटकायची.

रात्रीच्या नजरेवर संशोधन करणारी ही बाई स्वतःच रातांधळी होत चालली होती. ते तिनं साऱ्यांपासून लपवलं होतं.

उठताना तिचा धक्का लागून धाडकन स्टूल पडलं.

"मॅडम, आज फिर?" दाराबाहेर तिचा विद्यार्थी कैवल्य हसला. "बत्ती लावू?"

"खबरदार! आंधळी नाहीये मी. उजेड आला तर पेशी गेली, आणि तिच्यामागून तू!"

टक. टकटक.

कुठून उजेड शिरतोय म्हणून तिनं चाचपत बशीवर पत्र्याचं झाकण ठेवलं. टकटक सुरूच. वैतागून तिनं डोळे मिटले, तर आवाज थांबला. उघडले, तर पुन्हा सुरू.

तिच्या डोळ्यांपुढं नुसता काळोख होता. पण त्याच काळोखात, तिच्याच डोळ्यांतून, पेशीला काहीतरी दिसत होतं. टकटक वाढत चालली होती, म्हणजे ते जवळ येत होतं.

तिनं डोळे गच्च मिटले. आता आवाज थांबला नाही.

"कैवल्य, बत्ती लाव रे!"

खटका वाजला. गौतमीनं डोळे उघडले.

"लाव म्हटलं ना!"

"लावली ना, मॅडम," कैवल्य दारातून म्हणाला, आणि त्याची पावलं मागं मागं सरकत गेली.