वगळलेलं घर

विधेयक पडलं तर अमेरिकी खासदार हार्लन बकवॉल्टरचा फायदाच फायदा होता. जानेवारीत संरक्षण समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे येणार होतं आणि लष्करी हेरखात्यांच्या पैशाच्या थैलीची दोरीही. विधेयक पास झालं की सगळ्या गुप्तचर संस्था एका प्रमुखाच्या हाताखाली जाणार. एकमेकींपासून बातम्या लपवायची सोय बंद, थैलीही त्या प्रमुखाकडे. आणि पक्ष विधेयकाविरुद्ध असताना बाजूने मत देणाऱ्याला अध्यक्ष कोण करतो? त्या खुर्चीची वाट बघण्यात हार्लनचे केस पिकले होते.

मतदानाची घंटा झाली. तो सदस्यांच्या लिफ्टकडे आला, तर दाराशी त्या चौघी हजर. न्यू जर्सीच्या विधवा. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे हल्ल्यात कोसळले त्यात नवरे गेले, तेव्हापासून हेरखाती सुधारा म्हणून त्या वॉशिंग्टनच्या फेऱ्या घालत होत्या. पळपुट्या सदस्यालाही लिफ्टसाठी थांबावंच लागतं, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. आपली हेरखाती यांच्याकडे शिकवणीला पाठवा, असं हार्लन चेष्टेत म्हणायचा.

"बोला, मिसेस लोफ्टस. आज किती वेळ ऐकवणार?"

"तुम्हाला नाही, साहेब." मॉरीन लोफ्टसने बाजूला होऊन वाट दिली. "आम्ही तुमच्या मागच्यांसाठी थांबलोय. तुम्हाला आम्ही विरोधात धरून टाकलंय."

"न विचारताच?"

"तुमचं काय काय जाणार, ते ठाऊक आहे आम्हाला. एवढं कुणाकडे मागू नये. ज्यांचं थोडंच जाणार, त्यांना गाठतोय."

लिफ्टचं दार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पेनसिल्व्हेनियात त्याचा बाप कोळशाच्या खाणीत होता. खाणीत कुणी मेला की विधवेसाठी वर्गणी निघायची. एकदा वर्गणीवाले त्यांचं घर गरिबाचं म्हणून वगळून पुढे गेले, तर बाप आपली वर्गणी द्यायला बर्फातून अनवाणी त्यांच्यामागे धावला होता.

सभागृहात हार्लन हातात मतदानाचं कार्ड घेऊन बसून राहिला. अगदी शेवटी उठला, कार्ड सरकवलं, होकाराचं हिरवं बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर त्याच्या नावापुढे हिरवा दिवा लागला.

पक्षाचा प्रतोद कर्टिस धावत आला. "हार्लन, डोकं फिरलं का तुझं? याची किंमत मोजावी लागेल, सांगून ठेवतो."

हार्लनने वर पाहिलं. प्रेक्षकांच्या सज्जात टाळ्यांना बंदी, उभं राहायलाही बंदी. चौघी टाळ्या वाजवत नव्हत्या. पण उभ्या होत्या. रखवालदार बसा बसा म्हणून खुणावत होता आणि एकीचंही त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

हार्लनने कोटाचं बटण लावलं.

"मोजतो की. पण रांगेत माझा नंबर पाचवा, कर्टिस. पहिल्या चौघी त्या बघ, वर."